वसईचा हिरवा पट्टा कोणाच्या भरवशावर?

वसईत नवीन घरेच नकोत म्हणणारा माणूस शोधूनही सापडणे कठीण. ज्याची वाडी आहे त्यालाही धाकट्या मुलासाठी वेगळे घर हवे असते. ज्याने नालासोपाऱ्यात कर्ज काढून एक खोली घेतली त्यालाही सुट्टीच्या दिवशी भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसायला आवडते. तरीही ‘हरित वसई’ विरुद्ध ‘विकास’ असे भांडण इथे साडेतीन दशके चालू आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते झाडे हवीत की इमारती एवढेच दिसते. स्थानिकांचे म्हणणे नीट ऐकले तर भांडणाचे मुद्दे वेगळे निघतात. घरे किती, कोणासाठी, कोणाच्या पाण्यावर, आणि नकाशावरचा रंग बदलण्याचा अधिकार कोणाकडे? या प्रश्नांची आजवर काय उत्तरे मिळाली आणि कोणती मिळालीच नाहीत, याचा हा आढावा.

तीन पट्टे, एक तालुका

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, या चौकटीत वसई बसलेली आहे. पश्चिम रेल्वेचा रूळ या चौकटीला उभा छेदतो. रुळाच्या पश्चिमेला, स्टेशनांजवळच्या वस्त्या ओलांडल्या की वाड्यांचा पट्टा सुरू होतो: सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ, वटार, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा. केळी, नारळ, विड्याची पाने, मोगरा, चाफा, भाजीपाला ही इथली पिके. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही आगाशीकडची खास ओळख. सामवेदी आणि वाडवळ, त्यांच्यातले ख्रिस्ती आणि हिंदू, शिवाय आगरी, भंडारी, कोळी अशा समाजांची ही गावे. इथल्या बायका पहाटेच्या लोकलने फुले-भाजी घेऊन मुंबईच्या बाजारांत जात आल्या आहेत. म्हणजे मुंबईशी या गावांचे नाते बिल्डर येण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि ते विक्रेत्याचे होते.

दुसरा पट्टा रुळालगतच्या शहरांचा: वसई रोड, नवघर-माणिकपूर, नालासोपारा, विरार. तिसरा पूर्वेचा, महामार्ग आणि डोंगराच्या मधला. वालीव-सातिवलीचे औद्योगिक गाळे, पेल्हारकडच्या चाळी आणि त्यांच्यामागे आदिवासी पाडे. डोंगरावर तुंगारेश्वर अभयारण्य आहे. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या तिन्ही पट्ट्यांतल्या माणसांचे मत एक नाही. ते एकच असेल असे धरून चालणे ही शासनाची आणि काही वेळा चळवळीचीही सवय राहिली आहे.

वाद कुठून सुरू झाला

मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, तेव्हा वसईचा मोठा भाग हरित क्षेत्रात होता. १९८८च्या सुमारास या क्षेत्रातली मोठी जमीन बांधकामासाठी मोकळी करण्याचा निर्णय झाला. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आली. जमिनीचे व्यवहार एकाएकी वाढले, त्यात दमदाटी आणि गुंडगिरी शिरली, आणि बांधकामांसाठी गावागावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले.

याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पुढे २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. समितीचे वैशिष्ट्य असे की धर्मगुरू पुढे असूनही तिने विषय एका धर्माचा होऊ दिला नाही. पाणी आणि जमीन हे वाडवळालाही तितकेच कळत होते जितके कुपारीला, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती माणसाला. हजारोंचे मोर्चे निघाले. समितीची पहिली ताकद टँकरच्या प्रश्नावर दिसली, कारण विहीर आटते हे सांगायला नकाशा लागत नाही.

आंदोलनामुळे पश्चिम पट्ट्याचा बराच भाग वाचला, पण रुळालगत शहर वाढतच गेले. २००१च्या जनगणनेत विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिकांची मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. २०११ मध्ये, आसपासची गावेही धरून, महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर पोहोचली. सिडकोने केलेला २००१ ते २०२१चा विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडले. वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली सहा वर्षे तो कागदावरच होता, आणि तेवढ्या काळात जमिनीवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

गावे आणि महानगरपालिका

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी याला कडाडून विरोध केला. हा विरोध घरपट्टी वाढेल म्हणून आहे, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पट्टी हा मुद्दा होताच, पण मूळ भीती वेगळी होती. ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला प्रश्न विचारता येतो. महानगरपालिकेत गाव प्रभागाचा एक कोपरा होते, आणि आराखड्यावरची हरकत कोणत्या खिडकीत द्यायची इथपासून शोधाशोध सुरू होते. २००९च्या विधानसभा निवडणुकीत गावांचा आवाज मांडणारे विवेक पंडित वसईतून निवडून आले. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे महानगरपालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला. तो न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला.

या लढ्याकडे आज पाहताना एक गोष्ट मान्य करावी लागते. ग्रामपंचायत म्हणजे आपोआप हिरवळीची राखण, असे नाही. पंचायतींच्या हद्दीतही परवान्याशिवाय चाळी उठल्या, आणि त्यांना घरपट्टीची पावती मिळाली की ती पावतीच मालकीचा पुरावा म्हणून दाखवली गेली. गावकऱ्यांना निर्णय आपल्या नजरेसमोर हवा होता. त्या मागणीचा अर्थ गावातला प्रत्येक निर्णय चांगला होता असा लावता येत नाही.

वाडीवाल्याची दोन मने

पश्चिम पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ‘हरित वसईचा रक्षक’ म्हणणे सोपे आहे. त्याचा हिशेब मात्र अवघड आहे. कुटुंबांच्या वाटण्या होत होत सातबारावर काही गुंठे उरलेले. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तर परवडत नाहीत. विहिरीचे पाणी मचूळ होत चाललेले. मुले शिकून नोकरीला लागलेली, काही आखातात किंवा त्याहून दूर. अशा वेळी शेजारच्या बिल्डरने सांगितलेला गुंठ्याचा भाव आणि पानवेलीचे वर्षाचे उत्पन्न यांची तुलना तो करणारच.

हरित क्षेत्रातल्या जमिनीवर अगदी थोडे बांधकाम करता येते, त्यामुळे तिचा भाव कमी. ते बंधन समाजाच्या भल्यासाठी आहे हे त्याला पटते, पण तोटा त्याच्या एकट्याच्या खिशाला बसतो. मुंबईला स्वच्छ हवा, शहराला पुरापासून आडोसा, भूजलाचा साठा, असे सारे फायदे सगळ्यांचे. या फायद्यांचा मोबदला वाडीवाल्याला देण्याची व्यवस्था आजवर कोणत्याही आराखड्यात धड आली नाही. म्हणून एकाच घरात बाप हरकतीच्या अर्जावर सही करतो आणि मुलगा एजंटशी बोलणी करतो. यात ढोंग शोधू नये. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

याच पट्ट्यात दुसरीही विसंगती आहे. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्याजवळ रिसॉर्ट आणि लग्नाचे हॉल उभे राहिले. तिथे झाडे आहेत, लॉन आहे, म्हणून दिसायला हिरवे. पण पोहण्याचे तलाव भरायला पाणी जमिनीतूनच येते, आणि या धंद्यात स्थानिकांचीही गुंतवणूक आहे. हिरवा रंग राखला म्हणजे शेती राखली असे होत नाही, हे इथे उघड दिसते.

स्टेशनापलीकडचे वसईकर

वादात सर्वात कमी ऐकला जाणारा आवाज नव्या रहिवाशांचा आहे. १९८२च्या गिरणी संपानंतर आणि मुंबईतली घरे हाताबाहेर गेल्यावर लालबाग-परळच्या चाळींतली, कोकणातून आलेली हजारो मराठी कुटुंबे नालासोपारा-विरारला आली. त्यांच्याबरोबर उत्तर भारतातून, गुजरातमधून आलेले कामगार आले. मुंबईत राहणे परवडत नाही आणि मुंबईशिवाय पोट भरत नाही, या पेचाचे उत्तर म्हणजे विरार लोकल. या लोकांनी वसईवर आक्रमण केले असे म्हणणे अन्यायाचे आहे. मुंबईने आपल्या कामगारांसाठी घरे बांधली नाहीत, त्याची किंमत वसईच्या जमिनीने आणि या प्रवाशांच्या खांद्यांनी मोजली.

त्यांच्या मागण्या ऐकल्या तर त्या हरित वसईवाल्यांच्या विरोधात क्वचितच जातात. नळाला पाणी यावे, रस्त्यावर पावसात गुडघाभर पाणी साचू नये, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र असावे, मुलांना मैदान असावे. यातली प्रत्येक मागणी मोकळ्या जमिनीशी बांधलेली आहे. पण हे दोन गट एका बैठकीत क्वचितच भेटतात. एकाची चळवळ चर्चच्या सभागृहात आणि गावच्या देवळासमोर, दुसऱ्याची सोसायटीच्या गच्चीवर. स्थानिक राजकारणाने हे अंतर मिटवण्यापेक्षा वापरलेच जास्त.

पूर्वेचा पट्टा

‘हरित वसई’ म्हटले की वाड्या आठवतात. तुंगारेश्वरच्या पायथ्याचे पाडे आठवत नाहीत. वसई तालुक्यातच वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. जमिनीचा प्रश्न इथे हिरवळीच्या आधी हक्काचा आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. तरीही तोंडी व्यवहार आणि मुखत्यारपत्रे यांच्या आडून कितीतरी जमिनींवर चाळी आणि गाळे उभे राहिले. अभयारण्य झाले तेव्हा जंगलावर जगणाऱ्यांना बंधने आधी कळली, वनहक्क कायदा नंतर, २००६ मध्ये आला. त्यामुळे ‘संरक्षित क्षेत्र’ हा शब्द पश्चिमेला आशेचा वाटतो आणि पूर्वेला संशयाचा. पायथ्याशी डोंगर पोखरून खडी काढली जाते, मातीचा भराव खाली शहरात जातो, आणि जळणाची मोळी आणणाऱ्या बाईला मात्र वनरक्षक अडवतो. पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने संरक्षणाचा हा अनुभव आहे.

पाणी: मुळाशी असलेला हिशेब

या साऱ्या मतांना एकत्र बांधणारा विषय पाणीच. पश्चिम पट्ट्यात बावखले होती, म्हणजे वाडीत खोदलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत साठायचे, जमिनीत मुरायचे आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत शिरू द्यायचे नाही. पूर्वी रहाटाने जेवढे पाणी निघे तेवढेच शेतीला मिळे. विजेचे पंप आले, कूपनलिका आल्या, टँकर आले, आणि त्याच वेळी बावखले भरावाखाली गेली. उपसा वाढला, भरणा घटला. अलीकडे काही गावांत तरुणांनी बावखले साफ करून वाचवण्याचे काम हाती घेतले आहे. मोर्चाइतकाच हा परिणामकारक मार्ग आहे, कारण बावखल जिवंत असले तर वाडीही परवडते.

शहराची तहान उसगाव, पेल्हार या धरणांवर भागेना, म्हणून सूर्या प्रकल्पाचे पाणी आणले गेले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या योजनेत रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी ठरले. पण सूर्याचे धरण मुळात डहाणू-पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी आपले पाणी शहरांकडे जाते म्हणून आंदोलने केली. टँकरविरुद्ध वसईच्या गावांनी जी तक्रार केली, नेमकी तीच तक्रार आता सूर्याच्या लाभक्षेत्रातून वसईच्या दिशेने येते. एका गावाची हिरवळ राखायला दुसऱ्या गावाची सुकवायची का, हा प्रश्न वसईच्या चर्चेत अजून पुरेसा आलेला नाही.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले. लोकल बंद पडल्या, मिठागरांतल्या वस्तीत माणसे अडकली, अनेक भागांत वीज नव्हती. त्यानंतर नीरी आणि आयआयटी यांची सत्यशोधन समिती नेमली गेली. खाडीकडे जाणारे नैसर्गिक नाले अरुंद होणे, पाणथळ जागांवर भराव पडणे आणि रुळांच्या दोन्ही बाजूंची पातळी उंचावणे, ही पुराची कारणे गावकरी वर्षानुवर्षे सांगत होते. पूर आला तेव्हा वाडीत आणि सोसायटीत एकच पाणी शिरले. पुरानंतरचे काही दिवस तरी दोन्ही गट एकाच भाषेत बोलत होते.

बेकायदा घर आणि कायदेशीर हिरवळ

नियमांनी हरित क्षेत्र वाचेल या विश्वासाला सर्वात मोठा तडा अनधिकृत बांधकामांनी दिला. नालासोपाऱ्यातल्या अगरवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडण्यात आल्या, मोहीम २०२५च्या सुरुवातीला संपली, आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. बांधताना कोणी अडवले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला.

या दोन घटना घरांच्या प्रश्नाइतक्याच हरित क्षेत्राच्याही प्रश्नाबद्दल बोलतात. नकाशावर जमीन राखीव ठेवली आणि राखायला कोणी नेमले नाही, तर ती जमीन हिरवी राहत नाही. ती सर्वात स्वस्त आणि सर्वात धोकादायक घरांची जागा होते. तिथे घर घेणारा फसतो, आणि सांडपाण्याचे केंद्र न झाल्याने मैला खाडीत जातो, तेव्हा कोळीही फसतो.

नकाशा ठरवतानाचा अनुभवही फारसा वेगळा नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेचा २०१६चा मसुदा आला तेव्हा वसईतून हजारोंच्या संख्येने हरकती गेल्या. हरित क्षेत्र कमी होईल, त्यात बांधकामाची मुभा वाढेल, ही भीती होती, आणि मसुदा मराठीत मिळावा ही साधी मागणीही होती. योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. हरकत घेता येते पण तिचे काय झाले ते कळत नाही, हा अनुभव लोकांच्या मनात जास्त खोल बसला आहे.

गोवा आणि पुण्याचा धडा

असे लढे दुसरीकडेही झाले. गोव्यात २०११पर्यंतची प्रादेशिक योजना २००६ मध्ये अधिसूचित झाली, आणि वने, टेकड्या, खाजण शेती बांधकामाला खुली होतील या भीतीने गोवा बचाव अभियान उभे राहिले. सरकारने जानेवारी २००७ मध्ये योजना मागे घेतली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या कृतिदलाने पुढच्या, २०२१पर्यंतच्या योजनेत गावपातळीवर नकाशे नेऊन लोकांचे मत घेण्याचा मार्ग आखला. एवढे करूनही २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात ‘चुकांची दुरुस्ती’ म्हणून कलम १७(२) आले आणि एकेका जमिनीचा रंग वेगवेगळा बदलण्याची वाट झाली. उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम रद्द ठरवले. दरम्यान २०२४ मध्ये ३९-अ हे तशाच स्वरूपाचे दुसरे कलम आलेले होते. एकदा जिंकलेली योजना तुकड्या-तुकड्याने हरता येते, हे गोव्याने दाखवले.

पुण्यात महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले, क्षेत्र हजार हेक्टरांच्या जवळपास. नागरिकांचा पाठिंबा मोठा होता. मोबदला म्हणून ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क ठरला, आणि जमीनमालकांना तो तुटपुंजा वाटला. भूसंपादन अडखळले आणि टेकड्यांच्या उतारांवर अतिक्रमणे होत राहिली. लोकमत बाजूने असले तरी मालकाचा हिशेब जुळला नाही तर आरक्षण पोकळ राहते, हा पुण्याचा अनुभव.

मतांची बेरीज

साडेतीन दशकांतली सारी मते समोर ठेवली तर वसईतले एकमत आश्चर्य वाटावे इतके मोठे आहे. पाण्याची सोय असेल तितकीच घरे बांधा. नाले आणि पाणथळ जागा मोकळ्या ठेवा. घरे परवडणारी आणि कायदेशीर असू द्या. निर्णय मराठीत आणि आधी सांगा. यावर वाडीवाला, विरारचा चाकरमानी आणि पाड्यावरचा माणूस तिघेही होकार देतील.

मतभेद उरतो तो किंमत कोणी मोजायची यावर. आज हरित क्षेत्राचा खर्च वाडीवाला उचलतो, परवडणाऱ्या घराचा खर्च बेकायदा इमारतीत राहणारा जीव धोक्यात घालून उचलतो, आणि पाण्याचा खर्च सूर्याकाठचा शेतकरी. तिघेही आपल्या वाट्याचे ओझे दुसऱ्या दोघांमुळे आले असे समजतात. २००१ ते २०२१च्या आराखड्याची मुदत संपलेली आहे, पुढचा आराखडा लिहिला जाईल, आणि त्यातही एक हिरवा रंग असेलच. त्या रंगाची किंमत पाहायची असेल तर नकाशाशेजारी तीन आकडे मागावेत: बावखल राखणाऱ्याला वर्षाला किती मिळणार, स्टेशनाजवळ कायदेशीर छोटी घरे किती बांधली जाणार, आणि प्रत्येक नव्या इमारतीचे पाणी कोणत्या धरणातून, कोणाच्या संमतीने येणार. हे तीन आकडे ज्या आराखड्यात नसतील, त्यावर हरकत घ्यायला हरित वसईवाल्यांनी आणि सोसायटीवाल्यांनी पहिल्यांदाच एकत्र जायला हवे.